बिनविरोध मोरदरा

सरपंचकी माझ्या दारात चालून आलती. बॅनर न लावता, कुणाच्या पाया न पडता. आन् मी ती घालवली. आमचे घरधनी मन्मथप्पा अजून जेवायला बसले की तेच काढतेत. काढू द्या. पुरती गोष्ट ठाऊक नसताना कुणी मला येडी म्हणू नये, म्हणून सांगतीय.

मी गंगासागर. धारूरच्या घाटाला लागून मोरदरा गाव हाय, तिथं आमची पिठाची गिरणी. अप्पा गिरणीचे मालक, पण पट्टा मी चढवते, जात्याच्या दगडाला टाकी मी लावते आन् उधारीवाल्याला बी मीच झापते. तोंडानं फटकळ हाय, ते काही लपून न्हाई.

गावात दोन मोठे समाज. वरल्या गल्लीत एक, खालच्या गल्लीत दुसरा. नावं मी घेत न्हाई. घेतली की कुणीतरी मोबाईल वर धरतंय आन् सांजच्यापस्तोर जिल्हाभर व्हिडिओ फिरतंय. मागल्या साली जयंतीचा एक बॅनर फाटला. कुणी फाडला ते आजपस्तोर कळलं न्हाई. काही म्हणतेत वाऱ्यानं फाटला. पण त्यापायी दोन ट्रॅक्टर जळाले. खालच्या गल्लीचे भागवतराव, त्यांच्या धाकट्या भावाचा हात मोडला. वरल्या गल्लीचे विजयसिंहराव, त्यांच्या पुतण्याचा, बजरंगचा, एक डोळा गेला. चांगलं देखणं पोरगं हो, लग्न ठरलेलं. ते बी मोडलं. दोन्हीकडं केसेस झाल्या आन् पोलिसांची गाडी दिवाळीपस्तोर पाराजवळ उभी राहिली.

त्यानंतर गावात शांतता झाली. कसली शांतता, ते सांगते. वरल्या गल्लीचा माणूस खालच्या दुकानातून काडीपेटी घेत न्हाई. दुधाची डेअरी एक होती, तिच्या दोन झाल्या. ग्रामसभा बंद, कावून तर चार माणसं एका जागी आली की कुरापत निघती. कागदावर मात्र सभा झाली, चहापाणी बी झालं. नळाची लाइन वरून विजयसिंहरावांच्या घरापस्तोर आली आन् खालून भागवतरावांच्या दारापस्तोर. मधल्या घरांना जोड द्यायचीच राहिली. जोड दिली तर कुणाचं पाणी कुणाकडं जातंय ह्यावरनं पुन्हा भांडण, म्हणून राहिली.

मधली घरं म्हणजे आमी. आमी लिंगायत, शेजारी कुंभार, पलीकडं छबुबाई आन् तिचा नवरा धोंडीराम. ना आमी वरचे, ना खालचे. आमचं स्वतःचं बोअर हाय म्हणून भागतंय. छबुबाई विहिरीवरनं डोक्यावर आणती, गुडघे धरून.

माझ्या गिरणीतबी शांतता झालती. गिरणीत असं असतंय, आधीच्या दळणाचं पसाभर पीठ आत राहतंय आन् ते पुढच्या बाईच्या डब्यात पडतंय. म्हणून तर बायका ज्वारीवर ज्वारी, गव्हावर गहू असा नंबर लावतेत. त्या भांडणानंतर वरल्या गल्लीची एकजण म्हणली, "अक्का, त्यांच्या दळणावर आमचं टाकू नका." दुसऱ्या दिवशी खालच्या गल्लीची तेच म्हणली. अस्सा राग आला मला! पण गिरणी पेटलेली परवडली नसती. मी सकाळ वरल्या गल्लीला दिली आन् तिसरा प्रहर खालच्या. मधी भर दुपारी तासभर झाडलोट. त्या तासात मधली घरं दळून न्यायची. छबुबाई त्याच वक्ताला यायची, डबा ठेवायची आन् गप्पा मारत बसायची.

अशात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बाईला सुटलं.

एक दिवस सकाळच्या पारी विजयसिंहराव आन् भागवतराव दोघं एका टायमाला गिरणीत आले. मी पट्टा बंदच केला. त्या भांडणानंतर हे दोघं एका बाकावर बसलेले कुणी बघितले नव्हते. अप्पा मागं हात बांधून उभे, तोंडावर हसू मावंना.

"ताई," विजयसिंहराव म्हणले, "गावानं ठरवलंय. ह्या वेळी निवडणूक बिनविरोध. सरपंच तुमी."

"मी?"

"तुमी ना आमच्या, ना त्यांच्या," भागवतराव म्हणले. "तुमच्या नावाला कुणी न्हाई म्हणत न्हाई. मेंबर निम्मे त्यांचे, निम्मे आमचे. मतदान झालं की डोकी फुटतेत. मतदानच न्हाई तर भांडण कशाला?"

काल रात्री महादेवाच्या देवळात बैठक झालती म्हणे. सगळ्या गड्यांनी बेलभंडारा उचलला. आमच्याकडं बेलाचं पान आन् भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द मोडत न्हाईत. मोडला तर घरादाराचं वाटोळं होतंय, असं मानतेत. शब्द असा, की गंगासागरबाईबिगर कुणी सरपंचकीचा अर्ज भरायचा न्हाई.

खरं सांगते, मला लई बरं वाटलं. सासर-माहेरात कुणी पंच बी झालेलं न्हाई. मी पदराला पिठाचे हात पुसले आन् म्हणलं, "मला काय करावं लागंल?"

"काही न्हाई," विजयसिंहराव म्हणले. "सह्या करायच्या. बाकी आमी दोघं बघून घेऊ."

तवा ते मला खटकलं न्हाई. मी चहा टाकला.

अर्ज भरायला धारूरला जीप नेली. पेढे वाटले. अप्पांनी नवं धोतर नेसलं. आन् अर्ज भरायची मुदत संपली त्या दिवशी तहसीलच्या फळ्यावर दोन नावं लागली. एक माझं. दुसरं छबुबाई धोंडीराम.

गावात हलकल्लोळ उडाला. मी तशीच तिच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती.

"छबुबाई, अगं, मला विचारायचं तरी!"

"तुमाला तरी कुणी विचारलंतं का, अक्का?" ती तव्यावरनं नजर न काढता म्हणली. "का अप्पांना विचारून ठरलं?"

मला झोंबलं. मी म्हणलं, "तुझ्या नवऱ्यानं बेलभंडारा उचललाय."

"त्यानं उचललाय. मी कुठं गेलते देवळात? मला कुणी बोलावलंच न्हाई. तुमाला बोलावलं होतं?"

धोंडीराम कोपऱ्यात बसलता, भित्रा माणूस. "मी लई समजावलं हिला," तो रडकुंडीला येऊन म्हणला. "माझा शब्द जातोय, अक्का. देव मला सोडायचा न्हाई."

"हे बघ, बाई," मी सबुरीनं घेतलं. "उद्या तीनपस्तोर अर्ज मागं घेता येतोय. तुझं पाणी मी आणून देते. मी सरपंच झाले की पहिलं काम तेच."

"खरं?" तिनं भाकरी उलटली. "तुमी कसं आणणार?"

"विजयसिंहरावांना सांगीन. भागवतरावांना सांगीन."

"आन् ते न्हाई म्हणले तर?"

विजयसिंहरावांचे शब्द आठवले. सह्या करायच्या, बाकी आमी बघून घेऊ. ते आता खटकलं.

"मग मी त्यांनाच मागते की," छबुबाई म्हणली. "तुमाला मधी कशाला तरास? त्यांनाच मागत होते वर्षभर. दोघं बी म्हणतेत, गप बस, गाव शांत हाय. अक्का, मला सरपंचकीची हौस न्हाई. पण मतं मागायच्या निमित्तानं तरी हे दोघं माझ्या दारात येतील. बिनविरोध झालं की माझ्या दारात कोण येतंय?"

मी घरी आले, पण मला जेवण गेलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं पुन्हा गिरणीत. ह्या वेळी कुणी बाकावर बसलं न्हाई.

"ताई, तिला माघार घ्यायला लावा," विजयसिंहराव म्हणले. "तिचा अर्ज राहिला की आमची पोरं म्हणतील, आमचा बी माणूस पाहिजे होता. त्यांची म्हणतील, आमचा. मग पुन्हा तेच. बजरंगचा दुसरा डोळा मी देणार न्हाई."

त्यांचा आवाज फाटला. ते नाटक नव्हतं. त्यांची भीती खोटी हाय, असं मी कधीच म्हणणार न्हाई. मलाबी तीच भीती होती. रस्त्यावरची पहिली इमारत माझी गिरणी. मागल्या वेळी नशिबानं वाचली.

"ती म्हणती, तिनं बेलभंडारा उचलला न्हाई," मी म्हणलं.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग भागवतराव म्हणले, "एवढंच ना? मग आता उचलू दे. सगळ्या बायकांना बोलवा देवळात. दुपारच्या आत उरकू आन् तीनच्या आत तिला तहसीलला नेऊ. पहिला तुमी उचला, ताई. तुमच्यामागं सगळ्या उचलतील. तिला मग शब्दाबाहेर जाता येणार न्हाई."

अशी ती गत. माझ्या आठवणीत गावच्या बैठकीला बायकांना पहिल्यांदा बोलावलं, ते बी शपथ घालायला. रिक्षाच्या भोंग्यावरनं दवंडी फिरली. वरल्या गल्लीच्या बायका सभामंडपाच्या एका अंगाला बसल्या, खालच्या दुसऱ्या अंगाला. मधी आमी चार घरच्या. गडी बाहेर पायऱ्यांवर. छबुबाई खांबाला टेकून बसली. तिच्या तोंडावर रंग नव्हता, पण उठून गेली बी न्हाई.

पुजाऱ्यानं ताट पुढं केलं. बेल, भंडारा. विजयसिंहरावांनी शब्द सांगितले, "म्हणा ताई. गावाच्या शांततेसाठी, माझ्याबिगर कुणी उभं राहणार न्हाई."

मी बेल उचलला. भंडारा घेतला. तोंड उघडलं आन् थांबले.

कावून थांबले, ते मला तवा बी नीट सांगता आलं नसतं. समोर एवढ्या बाया. एकीनं बी मला कधी म्हणलं नव्हतं, गंगासागर, तू हो. एकीला बी कुणी विचारलं नव्हतं. आन् मी देवाची आण घेऊन म्हणणार, की सगळ्यांची मीच. माझी मलाच शरम वाटली.

"हे मी म्हणणार न्हाई," मी म्हणलं.

पायऱ्यांवर एकदम गलका झाला. अप्पा ओरडले, "गंगासागर!"

"थांबा हो तुमी! तुमी माझ्या वतीनं पेढे खाल्ले, तेवढं पुरं झालं." मी विजयसिंहरावांकडं वळले. "दादा, मला एक सांगा. गावात भांडण निवडणुकीला उभं राहिल्यानं झालं का? निवडणूक कुठं होती तवा? एक बॅनर फाटला आन् लोकांनी दगड उचलले. भांडण दगडानं झालं."

"मग?"

"मग शपथ दगड न उचलायची घ्या की! उभं न राहायची कावून घेतली? देवळात बसून अख्ख्या गावानं चुकीची शपथ घेतली आन् कुणाच्या ध्यानात आलं न्हाई!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुठल्या गल्लीचं, कोण जाणे.

भागवतराव तापले. "बोलणं सोपं हाय, ताई. मतमोजणीच्या दिवशी गुलाल कुणावर पडला की काय होतंय, ते तुमाला ठाऊक न्हाई. काही झालं तर तुमच्या डोक्यावर."

"माझ्या डोक्यावर तर माझ्या डोक्यावर! पण ज्या हातानं दगड उठायचे ते हात इथं पायऱ्यांवर बसलेत. त्यांना भंडारा उचलू द्या. निकाल कसाबी लागू दे, कुणी हात उचलणार न्हाई, गुलाल कुणाच्या दारापुढं नेऊन उधळणार न्हाई. हे म्हणा. मग बघू बाईमाणसाच्या अर्जानं काय होतंय ते."

ताट मी पायऱ्यांवर नेऊन ठेवलं. कुणी हलंना. वरचे खालच्यांकडं बघतेत, खालचे वरच्यांकडं. पहिला हात कुणी घालायचा? आन् तेवढ्यात धोंडीराम उठला. तो भित्रा धोंडीराम. त्यानं बेल घेतला आन् म्हणला, "महादेवा, मागला शब्द चुकला. हा घे." आन् ढसाढसा रडायलाच लागला.

त्याच्यामागं बजरंग आला. काळा चष्मा घालून. त्यानं भंडारा कपाळाला लावला आन् फक्त एवढंच म्हणला, "माझ्याकडनं न्हाई होणार." मग भागवतरावांचा भाऊ उठला. मग गडी येतच राहिले. विजयसिंहराव आन् भागवतराव शेवटी आले. यावंच लागलं.

तीन वाजून गेले. अर्ज दोन राहिले.

चिन्ह म्हणून मला कपबशी मिळाली, छबुबाईला पंखा. आन् सांगते तुमाला, एकदा उभं राहिलं की जिंकावंच वाटतंय! मी गिरणी पुतणीवर सोडून घरोघरी फिरले. वरल्या गल्लीत गेले, खालच्या गल्लीत गेले. ज्या घरांत कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथं बसून चहा पिले. छबुबाई माझ्या पुढं एक घर, न्हाईतर मागं एक घर. विजयसिंहराव आन् भागवतराव तिच्या दारात गेले का? गेले. गावच उलटलेलं बघून दोघांना, सरपंच कुणीबी झाली तरी आपल्याकडनं राहावी, ह्याची काळजी लागली. विहिरीवरनं घागर आणताना तिला रस्त्यात गाठायचे, घागर धरू का म्हणून विचारायचे. ती द्यायची बी.

मतदानाला पोलिसांची गाडी आलीच. शाळेत एकच केंद्र. बायांची एक रांग, गड्यांची एक. वरली-खालची वेगळी रांग सरकार देत न्हाई. उन्हात एकामागं एक उभं राहावं लागलं. बायका पहिल्यांदा तोंड वाकडं करून उभ्या होत्या. मग कुणाच्या तरी लेकरानं मधीच धिंगाणा घातला आन् पुढचीनं त्याला उचललं. दगड कुणी उचलला न्हाई.

मी अकरा मतांनी पडले.

हसू नका. मला लई लागलं. तहसीलमधनं घरी आले आन् स्वयंपाकघरात पदर तोंडात घालून रडले. काय कमी होतं माझ्यात? लिहिता-वाचता येतंय, हिशेब येतोय, चार लोकांत बोलता येतंय. छबुबाईला तर सही बी धड येत न्हाई. अप्पा दाराशी आले आन् म्हणले, "बिनविरोध होतीस. आयतं ताट लाथाडलंस." मी म्हणलं, "तुमी मत कुणाला टाकलं ते सांगा आधी." ते अंगणात निघून गेले. त्याचा सोक्षमोक्ष अजून लागला न्हाई.

गुलाल उधळला, पण छबुबाईच्याच दारापुढं, आन् तिनं पोरांना अर्ध्या घंट्यात हाकलून लावलं. आमच्या दारावरनं जाताना ढोल बंद केला. तेवढं मला दिसलं. पण राग काही लगेच गेला न्हाई, उगं कशाला मोठेपणा घेऊ?

महिन्या-दीड महिन्यानं पहिली ग्रामसभा लागली. खरी, माणसांची. शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकल्या. खुर्चीवर छबुबाई, शेजारी ग्रामसेवक. तिनं पाण्याची जोड द्यायचं काम लावलं होतं. दोन्हीकडच्या लाइनी जोडायला माझ्या गिरणीपुढनं कमरेएवढा चर खणला आन् तसाच ठेवला. बायका डबे घेऊन यायच्या कशा?

मी उठले. "सरपंचबाई, माझ्या गिरणीपुढचा चर कधी बुजणार?"

"पाइप आला की."

"पाइप आला नव्हता तर आधी खणलं कावून?"

"खणणारा गडी त्या दिवशी मोकळा होता म्हणून."

"वा गं वा! गड्याच्या सोयीनं गाव चालवतीस का? परवा म्हातारी बायनाबाई डब्यासकट आत पडता पडता वाचली!"

"मग फळी टाकायची की आडवी! तुमचं दुकान, तुमचं गिऱ्हाईक!"

"चर तुझा, फळी तुझी!"

झालं. जुंपली. खालच्या गल्लीच्या दोघी-तिघी माझ्या बाजूनं बोलायला लागल्या. वरल्या गल्लीच्या काहीजणी म्हणल्या, पाणी यायचं तर चार दिवस कळ काढा. लगेच वरल्याच गल्लीची दुसरी त्यांच्यावर खेकसली. बजरंग म्हणला, फळी मी देतो. कुणी म्हणलं, फळी नको, पाइपाचं बघा. गड्यांच्या बाजूला बी आवाज चढले. कोण कुणाच्या बाजूनं, काही कळंना. ग्रामसेवक घाबरून कागद गोळा करायला लागला.

तेवढ्यात विजयसिंहराव उठले आन् त्यांच्या पाठोपाठ भागवतराव. दोघांचे चेहरे पांढरेफटक. "शांतता राखा," विजयसिंहराव हात वर करून म्हणले. "बस झालं. सभा आवरती घ्या. विषय वाढवू नका."

छबुबाई खुर्चीवरनं म्हणली, "विजयसिंहराव, खाली बसा."

मी म्हणलं, "भागवतराव, तुमी बी. माझं बोलणं संपलं न्हाई अजून."

दोघं उभेच राहिले. आजूबाजूला बघितलं. कुणाच्या हातात काही नव्हतं. सगळे तोंडानं भांडत होते, आन् घरी जायची कुणाला घाई नव्हती. मग विजयसिंहराव हळूच खाली बसले. भागवतरावांना मागं जायला वाट नव्हती, ते त्यांच्याच शेजारी बसले.

"हं," छबुबाई म्हणली. "बोला अक्का, काय म्हणत होतात चराचं?"